आंब्याला डाळिंबं किती? अदलाबदलीची उदाहरणं सोडवताना

दोन किलो गुळाला पाच किलो ज्वारी मिळते आणि तीन किलो तूरडाळीला दहा किलो ज्वारी. मग आठ किलो गूळ दिला तर डाळ किती मिळेल? शिष्यवृत्तीच्या सराव पुस्तकात नाहीतर एखाद्या भरतीच्या परीक्षेत असं उदाहरण समोर आलं की बरीच मुलं, आणि त्यांना शिकवायला बसलेले पालकही, आकडे उचलून थेट गुणाकार-भागाकाराला लागतात. आठ गुणिले पाच, भागिले दोन, इथपर्यंत जमतं. पुढे तीनने गुणायचं की दहाने, इथे हात थांबतो. मग कुणीतरी 'तिरका गुणाकार कर' म्हणून सांगतं. उत्तर कधी येतं, कधी येत नाही. आलं तरी का आलं ते कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या उदाहरणात तीनाऐवजी चार वस्तू आल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या उदाहरणात गूळ आणि डाळ यांची थेट गाठ कुठेच पडत नाही. दोघांचाही व्यवहार ज्वारीशी आहे. तेव्हा पहिलं काम एकच, गूळ ज्वारीत मोजायचा. दोन किलोला पाच, तर आठ किलोला चौपट, म्हणजे वीस किलो ज्वारी. आता गूळ विसरून जायचा. आपल्या हातात वीस किलो ज्वारी आहे असंच समजायचं आणि डाळवाल्याकडे जायचं. दहा किलोला तीन किलो डाळ, तर वीस किलोला सहा. उत्तर सहा किलो. यात सूत्र असं काही वापरलेलं नाही. मुलाने मनातल्या मनात बाजारात दोन फेऱ्या मारल्या, एवढंच.

या पद्धतीला समान मूल्याची पद्धत म्हणा किंवा आणखी काही, तिचा गाभा एवढाच आहे: ज्या दोन वस्तूंची तुलना करायची त्या दोन्ही एकाच तिसऱ्या वस्तूत मोजायच्या. ती तिसरी वस्तू कोणती, हे उदाहरणच सांगतं. दोन्ही वाक्यांत जी वस्तू येते, ती. मुलांना आकडेमोड करू देण्याआधी त्या वस्तूखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावा. अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते, असं माझं ठाम मत आहे.

आकडे असे सरळ जुळले नाहीत तर? चार पेनांना तीन वह्या, दोन वह्यांना पाच पेन्सिली. इथे दुवा वह्यांचा, पण एकीकडे तीन आणि दुसरीकडे दोन. अशा वेळी तीन आणि दोन यांचा लसावि घ्यायचा, सहा. पहिलं वाक्य दुप्पट करा: आठ पेनांना सहा वह्या. दुसरं तिप्पट करा: सहा वह्यांना पंधरा पेन्सिली. म्हणजे आठ पेनांना पंधरा पेन्सिली. एका वहीची किंमत काढून अपूर्णांकात शिरायची गरज पडली नाही. लसावि-मसावि शिकताना मुलं 'याचा उपयोग काय' म्हणून विचारतात. हा घ्या उपयोग.

लिहिण्याची एक सवय मात्र सुरुवातीपासून लावा. वहीत नुसतं '४ = ३' असं कधीही लिहू द्यायचं नाही. '४ पेन = ३ वह्या' असं वस्तूच्या नावासकट लिहायचं. नाव गाळलं की दोन ओळींनंतर तो तीन वह्यांचा होता की पेन्सिलींचा, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

आता थोडं खोलात जाऊ, कारण या प्रकारच्या गणितात जी चूक सर्वाधिक होते ती आकडेमोडीची नसते. तीन आंब्यांना पाच पेरू मिळत असतील तर महाग काय, आंबा की पेरू? सावकाश विचारलं तर मूल बरोबर सांगतं की आंबा. तीनच दिले आणि पाच मिळाले. पण घाईत आकडा मोठा म्हणून पेरू महाग, असं उत्तर हमखास येतं. आठवी-नववीतली मुलं तर यात आणखी अडकतात. आंब्याची किंमत 'अ' आणि पेरूची 'प' धरली तर ३अ = ५प. इथून अ : प हे प्रमाण ५ : ३ येतं, तर द्यायच्या-घ्यायच्या नगांचं प्रमाण ३ : ५. दोन्ही प्रमाणं एकमेकांच्या उलट. जी वस्तू महाग तिचे नग कमी द्यावे लागतात. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की गुणायचं की भागायचं हा प्रश्न फारसा पडत नाही. म्हणून उदाहरण सोडवायच्या आधी मुलाला तोंडी विचारा: तू देतो आहेस ती वस्तू महाग की स्वस्त? मग उत्तराचा आकडा दिलेल्या नगांपेक्षा मोठा यायला हवा की लहान? अंदाज आधी, आकडेमोड नंतर.

नेमकी हीच अडचण आपल्या जुन्या गणितज्ञांनी हेरली होती. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात वस्तूंच्या अदलाबदलीसाठी वेगळा नियम दिला आहे आणि त्यात किमतींची आधी उलटापालट करायला सांगितलं आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. लीलावती हा त्याचा पहिला भाग, आणि त्यात 'भांडप्रतिभांडक' या नावाने अदलाबदलीचं गणित येतं. पंचराशिक, सप्तराशिक यांच्या पाठोपाठच ते येतं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने हा त्रैराशिकाच्याच घरातला विषय होता.

त्यातलं उदाहरण असं आहे. बाजारात एका द्रम्माला तीनशे आंबे मिळतात आणि एका पणाला तीस डाळिंबं. तर दहा आंब्यांच्या बदल्यात डाळिंबं किती? घाई करणारा म्हणेल, एकाला तीनशे आणि एकाला तीस, म्हणजे दहा आंब्यांना एक डाळिंब. साफ चूक, कारण तो 'एक' दोन्हीकडे सारखा नाही. लीलावतीच्या सुरुवातीला नाण्यांचं कोष्टक दिलेलं आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे तीनशे आंब्यांना सोळा पण पडतात आणि तीस डाळिंबांना एकच पण.

भास्कराचार्यांच्या रीतीने हे दोन रकान्यांत मांडतात. डावीकडे सोळा, तीनशे, दहा. उजवीकडे एक, तीस. मग किमतींची जागा बदलायची: सोळा उजवीकडे, एक डावीकडे. द्यायचे दहा आंबेही उजवीकडे न्यायचे. उजवीकडचा गुणाकार सोळा गुणिले तीस गुणिले दहा, म्हणजे चार हजार आठशे. डावीकडचा तीनशे. भागाकार सोळा. दहा आंब्यांना सोळा डाळिंबं.

रीत सुरेख आहे आणि झपाट्याने उत्तर देते. तरीही मुलांना ती पहिल्याच दिवशी शिकवू नये, असं मला वाटतं. आधी समान मूल्याच्या वाटेने जाऊ द्या. सगळं कवड्यांत आणा. द्रम्म म्हणजे १,२८० कवड्या, पण म्हणजे ८० कवड्या. तीनशे आंब्यांना १,२८० कवड्या, तर दहा आंब्यांना ४२ पूर्णांक २/३ कवड्या. तीस डाळिंबांना ८० कवड्या, तर एका डाळिंबाला २ पूर्णांक २/३. आता भागा: १२८/३ भागिले ८/३, उत्तर पुन्हा सोळा. मग तेच पणांत करून बघायला सांगा. दहा आंबे म्हणजे ८/१५ पण. एका पणाला तीस डाळिंबं, तर ८/१५ पणाला सोळा. माप कवडीचं घ्या, पणाचं घ्या, द्रम्माचं घ्या, डाळिंबांची संख्या हलत नाही. हे मुलाने स्वतःच्या हाताने करून पाहिलं की मग किमतींची जागा का बदलतात ते सांगता येतं: आंब्याचा भाव जितका चढा तितकी डाळिंबं जास्त मिळणार, म्हणून आंब्याची किंमत डाळिंबांच्या बाजूने गुणायला जाते. आणि गंमत म्हणजे या उदाहरणातल्या बाजारात आंबा डाळिंबापेक्षा महाग आहे, ही गोष्ट तीनशे आणि तीस हे आकडे पाहून कुणाच्या लक्षातही येत नाही.

एककाचा हा सापळा आजच्या प्रश्नपत्रिकांतही जसाच्या तसा लावलेला असतो. एका वाक्यात किलो, दुसऱ्यात २५० ग्रॅम. एकीकडे डझन, दुसरीकडे नग. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडून जुनी मापं समजून घेऊन त्यांवर उदाहरणं तयार करा: पायलीत चार शेर, शेरात दोन मापटी, मापट्यात दोन चिपटी. पायलीभर बाजरीला आठ नारळ मिळत असतील तर चिपटंभर बाजरीला किती? पायलीत सोळा चिपटी, म्हणजे अर्धा नारळ. एवढ्यावरून मुलाला कळतं की उदाहरण वाचताना आकड्याआधी माप वाचायचं असतं.

भास्कराचार्यांचा महाराष्ट्राशी संबंध सांगायचा तर चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला आणि त्याला दिलेल्या दानांची नोंद त्या लेखात आहे. त्यातला काही मजकूर जुन्या मराठीत आहे आणि पाटणच्या बाजारात विक्रीला येणाऱ्या मालावरचं उत्पन्न मठाकडे वळवल्याचं त्यात येतं. सुपारी आणि घाण्याचं तेल अशा वस्तूंच्या रूपातलं देणंही त्यात आहे. ज्या मठात हे गणित शिकवलं जायचं त्याचा खर्चही थोडाफार असा वस्तूंतून भागत होता, हे मुलांना जरूर सांगा. त्या काळी भांडप्रतिभांडक हा पुस्तकी विषय नव्हता.

आता मघाच्या अर्ध्या नारळासारख्या उत्तरांकडे वळू. चार पेनांना तीन वह्या आणि दोन वह्यांना पाच पेन्सिली, याच दरात वीस पेन दिले तर पंधरा वह्या, आणि पंधरा वह्यांना साडेसदतीस पेन्सिली. अर्धी पेन्सिल कोण देणार? परीक्षेत प्रश्न काय विचारला आहे तो नीट बघा. 'किती पेन्सिलींच्या मूल्याइतके' असं असेल तर साडेसदतीस. 'जास्तीत जास्त किती पेन्सिली मिळतील' असं असेल तर सदतीस. खऱ्या व्यवहारात हा अर्धा भाग तसाच सोडून देत नाहीत, वर काहीतरी घालून तोंडमिळवणी करतात.

दारावर येणारी बोहारीण हे त्याचं उत्तम उदाहरण. ती जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देते. साडी उलगडून उजेडात धरते, कुठे विरली आहे, काठ शाबूत आहेत का ते बघते, पँटची शिवण ओढून पाहते. घरातल्या बाईंची नजर मोठ्या पातेल्यावर, तिचा हात मात्र पुन्हा पुन्हा लहान डब्याकडे. शेवटी आणखी एक शर्ट वर घातला की पातेलं मिळतं. इथे दर छापलेला नसतो, घासाघीस करत ठरत जातो. पण दोघींच्याही डोक्यात प्रत्येक कपड्याचं मोल चालू असतं. हाच प्रसंग उदाहरणात घाला: दोन पँटींचं मोल एका साडीइतकं, तीन शर्टांचं मोल एका साडीइतकं, चार साड्यांना एक पातेलं. घरात दोन साड्या, दोन पँटी आणि दोन शर्ट निघाले तर पातेल्यासाठी आणखी काय लागेल? सगळं साड्यांत मोजा. दोन, अधिक एक, अधिक दोन-तृतीयांश. कमी पडते एक-तृतीयांश साडी, म्हणजे एक शर्ट.

यापुढची पायरी म्हणजे एका बाजूला दोन-दोन वस्तू. एका बोकडाला तीन कोंबड्या आणि वर दोन पायल्या ज्वारी. एका कोंबडीला चार पायल्या. तर दोन बोकडांना नुसती ज्वारी किती? तीन कोंबड्या म्हणजे बारा पायल्या, त्यात दोन मिळवल्या की चौदा, दोन बोकडांना अठ्ठावीस. वस्तू कितीही असोत, सगळ्या ज्वारीत आणल्या की विषय बेरजेचा उरतो. पण 'तीन कोंबड्या आणि दोन पायल्या यांचं मोल एक कोंबडी आणि दहा पायल्या यांच्याइतकं' असं आलं की मुलं गडबडतात, कारण कोंबडी दोन्हीकडे आहे. इथे दोन्ही बाजूंनी सारखंच काढून घ्यायचं. एक-एक कोंबडी काढा, दोन-दोन पायल्या काढा. उरल्या दोन कोंबड्या आणि आठ पायल्या. कोंबडी चार पायल्यांची. भास्कराचार्यांच्या बीजगणितात याच जातीचं उदाहरण आहे: एकाकडे सहा घोडे आणि तीनशे नाणी, दुसऱ्याकडे दहा घोडे पण शंभराचं कर्ज, आणि दोघांची संपत्ती सारखी. दोन्हीकडून सहा घोडे काढले तर एकीकडे तीनशे, दुसरीकडे चार घोडे आणि शंभराचं कर्ज. म्हणजे चार घोड्यांचे चारशे, एका घोड्याचे शंभर.

काढून घेण्याची ही युक्ती सर्वांत देखणी दिसते ती लीलावतीतल्या चार रत्नपारख्यांच्या उदाहरणात. पहिल्याकडे आठ माणकं, दुसऱ्याकडे दहा नीलमणी, तिसऱ्याकडे शंभर मोती, चौथ्याकडे पाच हिरे. भेटीच्या आनंदात प्रत्येकाने बाकीच्या तिघांना आपल्याकडचं एक-एक रत्न दिलं आणि चौघांची संपत्ती सारखी झाली. तर रत्नांच्या किमती काय? प्रथम वाचताना वाटतं, यात एकही किंमत दिलेली नाही, सुटणार कसं? वाटप झाल्यानंतर कुणाकडे काय आहे ते लिहून काढा. पहिल्याकडे पाच माणकं आणि बाकीच्या तिन्ही प्रकारांतलं एकेक. दुसऱ्याकडे सात नीलमणी आणि बाकीचं एकेक. तिसऱ्याकडे सत्त्याण्णव मोती, चौथ्याकडे दोन हिरे, आणि दोघांकडेही बाकीचं एकेक. म्हणजे प्रत्येकाकडे चारही रत्नांचा एक-एक नग नक्की आहे. तो चौघांकडूनही बाजूला काढा. उरलं काय? चार माणकं, सहा नीलमणी, शहाण्णव मोती आणि एक हिरा, आणि या चारही वाट्यांचं मोल सारखं.

आता एका मोत्याला एक धरला तर हिरा शहाण्णव, माणिक चोवीस, नीलमणी सोळा. पडताळा घ्या. पहिल्याचे पाच माणकांचे एकशेवीस, अधिक सोळा, अधिक एक, अधिक शहाण्णव, एकूण दोनशे तेहतीस. बाकीच्या तिघांचेही तेवढेच येतात. ते मुलालाच करू द्या. मोती दोनचा धरला तर सगळ्या किमती दुप्पट होतील आणि उदाहरण तरीही बरोबर राहील. हिऱ्याची खरी किंमत किती, याचं उत्तर या माहितीतून निघत नाही. एका हिऱ्याला चार माणकं, एवढं मात्र निघतं. अदलाबदल करायला तेवढं पुरेसं असतं. मुलं 'पण खरी किंमत किती?' म्हणून हटून बसतात. त्यांना बसू द्या, दोन-तीन वेगवेगळे आकडे धरून करून बघू द्या.

मोजायची गोष्ट नेहमी वस्तूच असते असंही नाही. शेतीत सावड चालते तिथे काम कामाच्या बदल्यात फिरतं. समजा एका बैलजोडीचा दिवस दोन माणसांच्या दिवसाइतका धरला. एका शेतकऱ्याने शेजाऱ्याकडे तीन दिवस बैलजोडी दिली आणि स्वतःही राबला. सहा अधिक तीन, नऊ माणूस-दिवस. शेजाऱ्याकडची चार माणसं त्याच्या शेतात दोन दिवस आली; आठ. एक माणूस-दिवस बाकी. इथे समान माप ज्वारीचं नाही की नाण्याचं नाही, माणसाच्या एका दिवसाचं आहे. खेड्यातल्या मुलांना या प्रकारची उदाहरणं चटकन उमगतात, त्यांच्यासाठी ती मुद्दाम तयार करावीत.

पडताळ्याची सवय लावायला एक खेळ घ्या. सुरुवातीचे दर तेच ठेवा: दोन किलो गुळाला पाच किलो ज्वारी, दहा किलो ज्वारीला तीन किलो डाळ. यावरून चार किलो गुळाला तीन किलो डाळ हा दर आपोआप ठरतो. आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक दुकानदार आहे, तो गूळ आणि डाळ सरळ किलोला किलो बदलतो असं समजा. मुलाच्या हातात बारा किलो गूळ द्या आणि वहीवर फेरी मारायला सांगा. त्या दुकानदाराकडे बारा किलो गुळाची बारा किलो डाळ. डाळीची ज्वारी केली तर चाळीस किलो. ज्वारीचा गूळ केला तर सोळा किलो. निघताना बारा होता, परत आला तेव्हा सोळा. असं का झालं ते त्यालाच शोधू द्या, आणि सापडलं की तोच सोळा किलो गूळ घेऊन उलट्या दिशेने पाठवा: आधी ज्वारी, मग डाळ, मग त्या दुकानदाराकडे गूळ. या खेपेला हातात बाराच उरतात.